प्रतिक्रिया बंद आहेत

मला लांब शेपूट आहे, पण मांजराची भीती मला कधी वाटली नाही. मित्रांनो, मी संगणकाचा एक जुना माउस आहे. माझी पाठ घासून गुळगुळीत झाली आहे आणि अंगावरचा काळा रंग पार उडाला आहे. मुलांपुढे रडगाणे गाऊ नये हे मला कळते. पण ज्या हाताखाली मी आयुष्य काढले, त्या हाताची गोष्ट कुणीतरी सांगायला हवी.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे आम्ही हजारो भावंडे होतो आणि कुणालाच नाव नव्हते. खोक्यात बसून मी समुद्र ओलांडला, अरबांच्या मुलखात अकबाच्या बंदरात उतरलो आणि एका मालमोटारीतून वर डोंगरात, ऐन लौज नावाच्या गावात आलो. गावात बदामाच्या बागा होत्या, उतारावर डाळिंबे होती, आणि हिवाळ्यात असा वारा सुटे की खिडक्यांचे दात वाजत. जनावरांच्या चाऱ्याच्या दुकानावर एक खोली होती. खालून जवाचा वास येई. त्या खोलीतून ‘शुरफा’ नावाची बातम्यांची वेबसाइट चाले. शुरफा म्हणजे घराचा सज्जा. सज्ज्यात उभे राहिले की सगळे गाव दिसते, म्हणून अबू तिराद यांनी हे नाव ठेवले होते.

अबू तिराद संपादकही होते, बातमीदारही होते आणि चहा करणारेही तेच होते. सैन्यातून निवृत्त झाल्यावर लोक शेळ्या पाळतात. त्यांनी वेबसाइट पाळली. त्यांची मुलगी नौफा माझी मालकीण. तिचा हात थंडीने उलायचा, म्हणून ती तळव्याला ऑलिव्हचे तेल चोळत असे. त्यामुळे माझी पाठ नेहमी तेलकट असायची. पुढे तिचा साखरपुडा झाला आणि उजव्या हातात अंगठी आली. ती माझ्या पाठीला लागून किणकिण वाजायची. मला तो आवाज फार आवडे.

आमचे काम होते वाचकांच्या प्रतिक्रिया चाळण्याचे. बातमीखाली लोक जे लिहीत, ते आधी नौफाकडे येई. प्रत्येक प्रतिक्रियेशेजारी दोन चौकोन असत, एक हिरवा आणि एक लाल. हिरव्यावर टिचकी मारली की ती प्रतिक्रिया गावापुढे जाई. लालवर मारली की कायमची पुसली जाई. नौफाला अर्धवट मोठ्याने वाचायची सवय होती. म्हणून तर मला, अक्षर न वाचता येणाऱ्याला, हे सगळे ठाऊक आहे.

काय काय लिहीत लोक! परदेशात गेलेले तरुण विचारत, ‘गावात पाऊस झाला का? झऱ्याला पाणी आहे का?’ दोन घराणी एका रस्त्यावरून वर्षभर भांडत. एक गृहस्थ ‘सर्वज्ञ’ या नावाने लिहीत. त्यांना हवामानापासून चंद्रावरच्या मातीपर्यंत सारे ठाऊक असे.

“यब्बा, सर्वज्ञांनी उद्या बर्फ पडणार म्हणून लिहिलंय,” नौफा वडिलांना सांगे.

“म्हणजे नक्की ऊन पडणार. गाद्या गच्चीवर टाकायला सांग तुझ्या आईला.”

अशा प्रतिक्रियांना हिरवा चौकोन मिळे. पण कुणाच्या आईवर, कुणाच्या घराण्यावर, कुणाच्या मुलीच्या चालीवर लिहिलेले असले की नौफाचे बोट आखडे. मग ती लाल चौकोन दाबून जोराने श्वास सोडी, जणू पायाखालचा विंचू चिरडला.

एकदा एक बाई ताटलीत खजुराची बिस्किटे घेऊन जिना चढून आली. दारातच उभी राहिली. म्हणाली, “माझ्या थोरलीबद्दल कुणीतरी घाण लिहून पाठवली होती म्हणे. पण ती दिसली नाही कुठे.”

नौफाने मान वर न करता विचारले, “काय लिहिलं होतं, खाला? मला तर काही आठवत नाही.”

बाईने ताटली टेबलावर ठेवली, नौफाच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघून गेली. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सन्मान तोच. त्या दिवशी मी बिस्किटांच्या चुऱ्याने माखलो होतो.

आता मला तिरादबद्दल सांगितले पाहिजे. तिराद म्हणजे नौफाचा मोठा भाऊ; अबू तिराद म्हणजे तिरादचा बाप. तो गावातल्या हाज सुवैलिम नावाच्या ठेकेदाराकडे बांधकामावर मुकादम होता. एके दिवशी घरी जेवताना तो सहज बोलून गेला की दवाखान्याच्या कामात जुन्या, गंजलेल्या सळया घातल्या जात आहेत. दुसऱ्या दिवशी अबू तिराद यांनी ते छापले. ‘कामावरच्या मुकादमाने सांगितले’ असे लिहिले. कामावर मुकादम एकच होता. तिरादची नोकरी त्याच दिवशी गेली.

तो या खोलीत आला तेव्हा मी टेबलावर होतो.

“यब्बा, तुम्ही मला विचारलंसुद्धा नाही.”

“बातमी खरी होती, तिराद.”

“खरी होती. पण ती मी माझ्या बापाला सांगितली होती. संपादकाला नाही.”

तो आखातातल्या एका शहरात निघून गेला. वडिलांशी बोलणे बंद झाले. ईदलाही फोन आला तर आईला येई.

काही महिन्यांनी ‘शेजारी’ या नावाने प्रतिक्रिया येऊ लागल्या. बातमी थंडीची असो नाहीतर फुटबॉलची, शेजाऱ्याचे शेवटचे वाक्य एकच असे: ‘आणि त्या कोपऱ्यातल्या डाळिंबाला कुणीतरी पाणी घाला.’ पहिल्यांदा ते वाचले तेव्हा नौफाचा हात माझ्यावर तसाच राहिला. ते डाळिंब त्यांच्या घरामागे होते. तिरादनेच लावलेले. नौफाने कुणाला काही सांगितले नाही. हिरवा चौकोन दाबला, आणि घरी गेल्यावर झाडाला पाणी घातले. असा त्या बहीणभावाचा संवाद साऱ्या गावासमोर चालला होता आणि गावाला त्याचा पत्ता नव्हता.

मग एका वर्षी नवा कायदा आला. बातमीखालची प्रतिक्रिया ही बातमीचाच भाग धरली जाईल, आणि लिहिणाऱ्याबरोबर संपादकालाही तिचा जाब द्यावा लागेल, असे त्यात होते. लिहिणारे टोपणनावाने लिहीत. म्हणजे जाब विचारायला हाताशी सापडणार तो संपादकच.

“यब्बा, अम्मानच्या मोठ्या मोठ्या वेबसाइटी प्रतिक्रिया बंद करताहेत. आपणही करू,” नौफा म्हणाली.

“गावाला तोंड असतं, पोरी. ते शिवलं की गाव राहत नाही, कबरस्तान होतं.”

“आणि तुमच्या हातात बेड्या पडल्या म्हणजे?”

“तोवर तू चहा करायला शिक. तुझा चहा म्हणजे मेंढ्या धुतलेलं पाणी.”

ते हसले, पण नौफा हसली नाही. त्या दिवसापासून तिच्या बोटाचे वजन वाढले. आधी ती वाचून लगेच टिचकी मारी. आता एकेका ओळीवर थांबू लागली. ‘नगराध्यक्ष झोपले आहेत’ हेसुद्धा तिने पुसले. बिचारे सर्वज्ञही दोनदा पुसले गेले. लोक चिडून लिहीत, ‘शुरफा भ्याली!’ तेही ती पुसत असे. मला वाईट वाटे. भीती ही फार वाईट संपादक असते, मित्रांनो.

त्या हिवाळ्यात वादळी वारा सुटला आणि मुलींच्या शाळेच्या आवाराची भिंत कोसळली. आठवीतल्या एका मुलीचा पाय मोडला. अबू तिराद यांनी घडले तेवढेच छापले. भिंत हाज सुवैलिमने बांधली होती, पण हे त्यांनी लिहिले नाही. पुरावा नव्हता.

दुपारी शेजाऱ्याची प्रतिक्रिया आली. नौफा नेहमीप्रमाणे वाचू लागली. ‘त्या भिंतीत ओढ्यातली खारी वाळू घातली आहे. आम्ही हाज सुवैलिमना सांगितले होते. ते म्हणाले, रंग लावला की कुणाला कळते. मी तिथे होतो.’

या वेळी शेवटी डाळिंब नव्हते.

नौफाने मला लाल चौकोनाकडे नेले. तेवढ्यात अबू तिराद तिच्या मागे येऊन उभे राहिले. त्यांनी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग आपला जाड, सिगारेटने पिवळा पडलेला पंजा तिच्या हातावर ठेवला, आणि माझ्यासकट तिचा हात हिरव्याकडे सरकवला.

“यब्बा, नको. कायदा आहे.”

“कायदा आहे म्हणूनच. उद्या कुणी विचारलं तर सांग, बोट बापाचं होतं.”

दोन हातांच्या वजनाखाली मी दबलो, आणि ती ओळ गावापुढे गेली.

हाज सुवैलिमने आधी जाहा पाठवली. गावातली वडीलधारी माणसे मध्यस्थीला आली, लाल-पांढरे रुमाल डोक्याला बांधून. खोलीत बसायला जागा पुरेना. अबू तिराद यांनी सर्वांना कॉफी दिली. मागणी मान्य होईपर्यंत पाहुणे कॉफीला ओठ लावत नाहीत, हे तिथले शेंबडे पोरही जाणते. एक कप माझ्या शेजारीच ठेवला होता. त्याची वाफ माझ्या पाठीला लागत होती.

सगळ्यात वृद्ध शेख म्हणाले, “अबू तिराद, ती ओळ काढून टाक आणि त्या शेजाऱ्याचं नाव सांग. विषय संपला. हाज कोर्टात जाणार नाही.”

“ओळीखाली हाजचं उत्तर छापतो, शेख. तेवढ्याच मोठ्या अक्षरात. हवा तर फोटोही लावतो. नाव मात्र मागू नका.”

“एका भुरट्या शेजाऱ्यापायी तू आम्हाला रिकाम्या हाताने परत पाठवणार?”

“शेजाऱ्यापायीच तर. आपल्यात शेजाऱ्याला कधीपासून धरून देऊ लागले?”

एकेक जण उठला. माझ्या शेजारचा कप तसाच भरलेला राहिला. हळूहळू तो गार झाला.

मग खटला उभा राहिला. पोलिसांची दोन माणसे आली आणि संगणक उचलून घेऊन गेली. माझी शेपटी ओढून काढून मला टेबलावर टाकून दिले. माझ्यात काही साठत नाही, म्हणून मी त्यांच्या कामाचा नव्हतो. शेजाऱ्याचा माग परदेशातल्या कुठल्याशा कॅफेपर्यंत गेला आणि तिथेच हरवला.

कोर्टात मी गेलो नाही. पण वकील खोलीत येत. उस्ताज मुनीब हे त्यांचे नाव. ते म्हणाले, “अबू तिराद, हा शेजारी साक्षीला आला तर वाळूची गोष्ट खरी ठरेल आणि तुम्ही सुटाल. तो कोण हे तुम्हाला माहीत आहे, असं मला वाटतं.”

“मला एवढंच माहीत आहे, उस्ताज, की तो चांगला शेजारी आहे.”

वकील गेल्यावर नौफाने वडिलांना न विचारता तिरादला फोन लावला. फोन माझ्याजवळ टेबलावर होता. तिने सगळे सांगितले. पलीकडून आवाज आला, “मी येतो. पहिल्या विमानाने येतो.”

अबू तिराद यांनी फोनकडे तोंड वाकवले. इतक्या वर्षांनी ते मुलाशी बोलत होते.

“तिराद.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग हळूच, “यब्बा.”

“येऊ नकोस. इथे तुझं नाव कोर्टात गेलं की तिथे तुझा कामाचा परवाना जाईल. बायकोला दिवस गेलेत ना तुझ्या?”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“आई सांगते. ऐक. एकदा मी तुला न विचारता तुझी गोष्ट छापली. आता ते मला विचारताहेत. मी सांगणार नाही.”

“यब्बा, असं नका करू.”

“नौफा झाडाला पाणी घालतेय. डाळिंबं गोड आहेत या वर्षी.”

एवढे बोलून ते उठले आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. नौफा त्यांच्याकडे बघतच राहिली. शेजारी कोण, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

त्यांना तीन महिन्यांची शिक्षा झाली. लोक म्हणाले, तीन महिने म्हणजे काय, चुटकीसरशी जातात. पण ते हिवाळ्याचे महिने होते. परत आले तेव्हा मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, खोकला छातीत घर करून बसला होता आणि उजवा हात थरथरत होता. संगणकही परत मिळाला. नौफाने माझी शेपटी पुन्हा जोडली.

“बंद कर,” ते म्हणाले. एवढेच.

नौफाने बंद केले. त्या दिवसापासून शुरफाच्या प्रत्येक बातमीखाली एकच ओळ दिसू लागली: ‘प्रतिक्रिया बंद आहेत.’ पाऊस पडला, लग्ने झाली, गावातली माणसे वारली. खाली ती एकच ओळ. तिराद आता वडिलांना फोन करी. पण ‘कसे आहात’ आणि ‘अल्लाची कृपा’ यांच्यापुढे दोघांना काही सुचत नसे. जे गावासमोर टोपणनावाने लिहिता येत होते, ते फोनवर बोलता येईना.

तुम्हाला वाटेल, गावाने बोलणे थांबवले असेल. नाही. गावाने दुसरी जागा शोधली. मोबाइलवर कुणीतरी ‘ऐन लौजचा कट्टा’ नावाचे पान उघडले. कुणी उघडले ते कुणालाच ठाऊक नव्हते. तिथे दार नव्हते, मग दारात बसणारे तरी कुठून असणार? जो येईल तो मनाला येईल ते लिहून जाई.

एके दिवशी तिथे कुणीतरी विचारले, ‘संपादकाची मुलगी त्या शेजाऱ्याची एकही ओळ का पुसत नव्हती?’ दुसऱ्याने लिहिले, ‘डाळिंबाला पाणी घाल म्हणजे काय, ते आम्हाला कळत नाही असे वाटले का?’ मग तिसरा, मग चौथा. पुढचे मी सांगणार नाही. नौफाने वर्षानुवर्षे जे चिरडले होते, ते सगळे विंचू एकदम तिच्याच अंगावर चढले.

तिचा होणारा नवरा रकान शाळेत शिक्षक होता. सरळ मनाचा मुलगा. तो खोलीत आला आणि खुर्चीच्या कडेवर बसला. चहा घेतला नाही.

“वाचलंस ना?” त्याने विचारले.

“मी कायम तेच वाचत आलेय, रकान. फक्त नावं दुसऱ्यांची असायची.”

“मग सांगून टाक, कोण तो शेजारी. मी सगळ्यांची तोंडं बंद करतो.”

“सांगता येत नाही.”

“म्हणजे आहे कुणीतरी.”

“आहे. पण तू समजतोस तसं काही नाही. माझ्यावर विश्वास ठेव.”

त्याने वाकून बुटावरची धूळ पुसली. मग म्हणाला, “मी ठेवीन गं. पण घरात मी एकटा नाही ना. आई दोन दिवस जेवलेली नाही.”

नौफाने अंगठी काढली. ती काढताना तिने मला एका हाताने घट्ट धरले होते. अंगठी टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला आणि जिन्यावर पावले वाजली. पुन्हा माझ्या पाठीवर कधी किणकिण झाली नाही.

अबू तिराद यांना हे कळायला वेळ लागला नाही. त्यांनी संगणकावर तो कट्टा उघडला आणि मला हातात घेतले. तो थरथरणारा हात मी कसा विसरेन? मुलीबद्दल लिहिलेली पहिली ओळ त्यांनी वाचली आणि शेजारी लाल चौकोन शोधला. तिथे लाल चौकोन नव्हता. त्यांनी त्या ओळीवरच टिचकी मारली. ओळ हलली नाही. पुन्हा मारली. मग ते मारतच राहिले, प्रत्येक अक्षरावर, जोरजोराने, जणू बोटाने खरवडून ती घाण निघणार होती. माझे डावे बटण तडकले.

“यब्बा, पुरे,” नौफा म्हणाली.

“माझ्या एका ओळीसाठी मला कोर्टात उभं केलं. यांना कोण उभं करणार? या सगळ्या ओळींचा संपादक कोण?”

“कुणी नाही, यब्बा.”

“मग मी उद्याच छापतो. शेजारी म्हणजे माझा मुलगा. तुझा भाऊ.”

“छापा. मग हाज सुवैलिम त्याला कोर्टात खेचेल, तिकडे त्याचा परवाना जाईल. पोर पाळण्यात आहे त्याचं. मग तुम्ही तीन महिने काय केलंत, नुसती तुरुंगाची हवा खाल्लीत?”

“आणि तू?”

तिने आपला उललेला तळवा त्यांच्या थरथरत्या हातावर ठेवला. त्या दोन हातांखाली मी होतो. या वेळी कुणीच बटण दाबले नाही.

नौफा पुढच्या आठवड्यात जर्का शहरात आत्याकडे राहायला गेली. तिथे ती लहान मुलांना शिकवते. शुरफावर अजून बातम्या येतात, पण थोड्या. तिराद शुक्रवारी फोन करतो आणि विचारतो, “नौफा कुठे आहे?” अबू तिराद सांगतात, “आत्याची तब्येत बरी नसते. तिला सोबत म्हणून गेलीय.” तिरादला अजून काही ठाऊक नाही. माझ्या जागी नवा माउस आला आहे. मी खिडकीत पडून असतो.

मित्रांनो, मला दुरुस्त करा असे मी म्हणत नाही. मोडलेले बटण घेऊनही जगता येते. पण उद्या तुमच्या हातात मोबाइल येईल, माउस येईल. एखाद्याच्या आईवर, बहिणीवर काही लिहावेसे वाटेल, नाहीतर कुणीतरी लिहिलेले वाचून हसावेसे वाटेल. तेव्हा एक टिचकीभर थांबा. काही ठिकाणी दारात एखादी नौफा बसलेली असते. तुमची घाण ती आपल्या हाताने उचलते आणि कुणाला सांगतही नाही. तिच्या बोटावर फार ओझे टाकू नका. आणि जिथे दारात कुणीच बसलेले नसेल, तिथे, बाळांनो, तुम्ही जाऊन बसा.